प्रवासांतील अग्निसाधनें आणि चौसाळ्याची एक चकमक

गेल्या मार्गशीर्षांत एके दिवशीं दिवेलागणीच्या सुमारास दोन तरुण सायकलस्वार चौसाळ्यास आमच्या ओसरीवर उतरले. छत्रपति संभाजीनगराहून निघून बीडवरून तुळजापुरास जावयाचें, सांज होईल तेथें लहानसा तंबू ठोकावयाचा, आपल्या हातानें शिजवून खावयाचें, असा त्यांचा बेत होता. सगळें बिऱ्हाड सायकलीला लटकविलेल्या पिशव्यांत. त्यामुळें प्रत्येक वस्तु तोळामाशांनीं तोलून घेतलेली. त्या रात्रीं जेवण आमच्याकडेच झालें. पानें उचलल्यावर त्या दोघांत जो वाद सुरू झाला तोच प्रस्तुत लेखास कारण झाला. वाद असा कीं, प्रवासांत विस्तव पेटविण्याचें सर्वांत हलकें आणि सर्वांत भरंवशाचें साधन कोणतें? एकजण खिशांतल्या लायटरचा कैवारी. दुसऱ्याच्या गळ्यांतील दोरीस करंगळीएवढी काळसर धातूची कांडी बांधलेली होती. तीवर पोलादाची पट्टी खरवडून ओढली कीं ठिणग्यांची फुलबाजी उडे. आम्हीं उठून देवघराच्या कोनाड्यांतून आजोबांची चकमक आणिली व दोघांच्या मध्यें ठेविली. ‘गुरुजी, हें काय आहे?’ असा प्रश्न दोघांनींही एकदमच केला.

त्या मुलांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका संग्रहालयांत अशीच एक चकमक ‘अडकित्त्याचा तुकडा’ या चिठ्ठीखालीं मांडलेली आम्हीं पाहिली, आणि ती चूक आहे असें तेथील अधिकाऱ्यांस सांगितल्यावरहि पुढील भेटींत चिठ्ठी जागच्या जागींच होती. आमच्या संशोधनांत कागदाला मोठा मान आहे, शस्त्राला व नाण्यालाहि आहे. परंतु ज्या वस्तूवांचून एकाहि मुक्कामावर चूल पेटली नसती तिची दखल क्वचितच घेतली जाते. मोहिमेंत तोफा किती होत्या, उंट किती होते, याची नोंद सांपडते. विस्तव कसा काढीत हें लिहून ठेवण्याचें कारण कोणास वाटलें नाहीं, कारण तें सर्वांस ठाऊक होतें. आणि जें सर्वांस ठाऊक असतें तें सर्वांत आधीं नाहींसें होतें. सबब या विषयीं जें आम्हांस ग्रंथांत, हातांत आणि गांवांत सांपडलें तें येथें एकत्र करीत आहों.

चौसाळा हें बीड तालुक्यांतील बाजाराचें गांव. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून बालाघाटच्या पठारावर आलें म्हणजे धुळें-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर, ज्याचा जुना क्रमांक २११ व हल्लींचा ५२, हें गांव लागतें. पुढें तीच वाट पारगांव, तेरखेडा, येरमाळा, धाराशिव यांवरून तुळजापुरास जाते. गांवास मोठा किल्ला नाहीं कीं राजधानीचा मान नाहीं, पण वाट मात्र पहिल्यापासून वाहती. संत मुक्ताबाईंची पालखी पंढरीस जातांना याच बाजूनें जाते, आणि ती जाते तेव्हां पावसाळा तोंडावर आलेला किंवा सुरू झालेला असतो. मांजरसुंब्याजवळ कपिलधार येथें मन्मथस्वामींची समाधि आहे; तेथील कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेस दूरदूरचे लोक पायीं येतात. पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांचे लमाणांचे तांडे एके काळीं असल्याच वाटांनीं धान्य व मीठ नेत. आणि आज दसरा-दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. पांच-सहा महिने उसाच्या फडाजवळ कोपींत राहतात. सायकलस्वार हौसेनें तंबूंत राहतो, ऊसतोड्या पोटासाठीं राहतो. पण परतीचा पाऊस अवेळीं आला आणि काडेपेटी भिजली म्हणजे अडचण दोघांची एकच. (तेरखेड्याच्या फटाक्यांची कीर्ति मराठवाड्यांत सर्वत्र आहे, विस्तवाचा विषय या वाटेस अगदींच परका नाहीं, एवढेंच सांगून पुढें जातों.)

आतां मूळ विषयाकडे वळूं. आमच्याकडील सर्वांत जुनें लिखित अग्निसाधन म्हणजे अरणि. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलांतील २९ वें सूक्त अग्निमंथनाचेंच आहे, आणि श्रौत ग्रंथांत या यंत्राचें वर्णन इतकें बारकाईनें आलें आहे कीं सुतारास तें वाचून दाखविल्यास त्यानें तें घडवावें. खालीं अधरारणि, तिच्या खळग्यांत उभा प्रमंथ, तो उत्तरारणीच्या लाकडाचा, तो ज्या दांड्यांत बसवितात तें चात्र, वरून दाबून धरावयाची ती ओविली, आणि चात्राभोंवतीं गुंडाळून घुसळण्याची दोरी, तिचें नांव नेत्र. ताक घुसळणाऱ्या बाईस हें यंत्र समजावून सांगावें लागत नाहीं. लाकूड अश्वत्थाचें, आणि तोहि शमीच्या पोटीं वाढलेला असल्यास उत्तम.

शतपथ ब्राह्मणाच्या अकराव्या कांडांत पुरूरवा व उर्वशी यांची जी कथा आहे तिच्याकडे वाचक बहुधा प्रेमकथा म्हणूनच पाहतात. आम्हांस ती प्रवाशाची कथाहि वाटते. गंधर्वांनीं राजास अग्नि दिला तो स्थालींत, म्हणजे भांड्यांत घालून. राजानें तें भांडें अरण्यांत ठेविलें, पुत्रास घेऊन तो गांवांत गेला, परत येऊन पाहतो तों अग्नि नाहींसा झालेला. अग्नीचा अश्वत्थ झाला होता आणि स्थालीची शमी. शेवटीं अश्वत्थाच्याच दोन्ही अरणि करून त्यानें तो अग्नि पुन्हां मिळविला. भांड्यांतून निखारा नेणाऱ्याच्या हातून विस्तव विझतो, आणि लाकडांतून नेणारा तो केव्हांहि काढूं शकतो, हा अनुभव या कथेच्या तळाशीं असावा असें आमचें मत आहे.

या मतास पुष्टि देणारी गोष्ट म्हणजे समारोपण. आहिताग्नि प्रवासास निघाला म्हणजे त्यानें आपले अग्नि उचलून न्यावयाचे कसे? धगधगते निखारे गाड्यावर घालून नेणें शक्य असलें तरी सोयीचें नव्हे. म्हणून अरणि अग्नीवर तापवून मंत्रानें अग्नि त्यांवर ‘चढवावयाचा’, अरणि बरोबर घ्यावयाच्या, आणि मुक्कामावर पोंचल्यावर मंथन करून तोच अग्नि उतरवावयाचा. विधीचा अर्थ याज्ञिकांनीं सांगावा. आम्ही केवळ इतकेंच म्हणतों कीं, प्रस्थानापूर्वीं अरणि तापविल्यानें त्यांतील ओल जाते, आणि कोरडें लाकूड घर्षणानें लौकर पेटतें. विधीनें व्यवहाराची सोय मोडलेली नाहीं. तथापि हें साधन हलकें नव्हे. बार्शीकडील एका यागांत आम्हीं मंथन पाहिलें तेव्हां ऋत्विज आळीपाळीनें दोरी ओढीत होते, घामाघूम होत होते, आणि धूर दिसल्यावरहि ज्वाला येईपर्यंत बराच वेळ गेला. एकट्या वाटसरूनें रात्रीं, भिजल्या अंगानें, हा खटाटोप करावा हें संभवत नाहीं.

दुसरें साधन सूर्याचें. यास्काचार्यांनीं निरुक्ताच्या सातव्या अध्यायांत, वैश्वानर कोण याची चर्चा करतांना, घासून स्वच्छ केलेलें कांसें किंवा मणि सूर्यासमोर धरून, वाळलेल्या शेणास स्पर्श न करतां तें पेटवितां येतें, असें नमूद केलें आहे. येथें कांसें म्हणजे अंतर्वक्र आरसा आणि मणि म्हणजे भिंग, हें उघड आहे. पुढें काव्यांत सूर्यकांत मण्याचा बराच बोलबाला झाला; कालिदासाच्या शाकुंतलांतहि तो आहे. परंतु कवींनीं त्याला इतकें अलौकिक करून टाकलें कीं यास्काची वाळली गोवरी लोक विसरले. वजनाच्या दृष्टीनें भिंगासारखें साधन नाहीं, झिजत नाहीं, संपत नाहीं. मात्र प्रवाशाला विस्तव हवा असतो तो सूर्य मावळल्यावर. तेथें यास्काचार्यांचा उपाय नाहीं.

तिसरी रीत म्हणजे विस्तव मुळीं काढावयाचाच नाहीं, राखावयाचा. घरीं राखेखालीं गोवरीचा निखारा झांकून ठेवावयाचा, विझलाच तर शेजारणीकडून मागून आणावयाचा. मुक्काम मोठा असला तर एका चुलीवरून दहा चुली पेटत. पानपट्टीच्या दुकानाबाहेर काथ्याची जळती दोरी टांगलेली असे, ती ज्यांनीं पाहिली आहे त्यांस तोड्याच्या बंदुकीची जामगी निराळी समजावून सांगावयास नको. शिलेदार असो कीं चिलीमवाला, धुमसता सूत दोघांचा मित्र. पण धुमसणारी दोरी जळत जळत संपते, पावसांत विझते, आणि विझल्यावर पुन्हां पेटवावयास दुसरें कांहीं लागतेंच.

तें दुसरें कांहीं म्हणजे चकमक. शब्द मूळचा तुर्की. ठोकणें, ठिणगी पाडणें या अर्थाचा. तो फारसीच्या वाटेनें आमच्या भाषेंत इतका मुरला कीं आज वर्तमानपत्रांत दोन तुकड्यांची गांठ पडून गोळीबार झाला म्हणजे ‘चकमक उडाली’ असें लिहितात, आणि वाचणाऱ्यास पोलाद व गारगोटी यांची आठवणहि होत नाहीं. या अर्थांतरानें आमची स्वतःची एकदां फजिती केली. आमच्या घरच्या दप्तरांत एक फाटका मोडी कागद आहे, वरचा भाग गेलेला, साल नाहीं. त्यांत ‘चकमक १’ असें वाचून आम्हीं तरुणपणच्या उत्साहांत पूर्वजांपैकीं कोणी एका लढाईंत होता असें ठरवून टाकलें व शाळेच्या स्नेहसंमेलनांत तसें भाषणहि ठोकलें. पुढें दहा-बारा वर्षांनीं तोच कागद शांतपणें पाहिला तेव्हां ‘चकमक’ च्या वर तांब्या होता आणि खालीं सुई-दोरा व घोंगडी. ती यात्रेस जाणाऱ्या माणसाच्या सामानाची यादी होती. आकडा १ आहे तेथें लढाई कशी असेल, हें आम्हांस तेव्हां सुचावयास हवें होतें! मोडी वाचणाऱ्या तरुण मित्रांनीं या अनुभवाचा उपयोग करावा.

चकमकीचे भाग तीन : पोलाद, गारगोटी आणि कापूस, त्यांस एकत्र ठेवणारा कातडी बटवा हा चौथा म्हणावा. आमच्या आजोबांचें पोलाद चार बोटें लांब, पाठीकडे दोन्ही टोकें आंत वळविलेलीं, म्हणजे मुठींत नीट बसणारें. ठोकण्याची कडा वापरून वापरून मध्यें किंचित् खोलगट झाली आहे. बटव्यास दोन कप्पे. एकांत गारगोटी व पोलाद, दुसऱ्यांत कापसाची बांबूची नळी, तिला लाकडी बूच. आजोबा सावरीचा कापूस मिळाला तर तो, नाहीं तर रुईच्या बोंडांतला कापूस राख चोळून वापरीत. आणि दोन्ही नसले तर जुन्या धोतराची चिंधी डबींत कोंडून, झांकण घालून, चुलींत काळी होईपर्यंत भाजीत. कोंकणांत भेरलीमाडाच्या झावळ्यांच्या बुडाशीं जो तपकिरी कापसासारखा लव सांपडतो तो या कामीं वापरीत. देश बदलला कीं कापूस बदलतो, पोलाद व गार तीच राहतात.

गारगोटीची आमच्या भागांत वाण नाहीं. बालाघाट म्हणजे काळ्या पाषाणाचे थर. तो लाव्हा थंड होतांना जे बुडबुडे राहिले त्या पोकळ्यांत पुढें स्फटिक, गार, अकीक यांची जात जमली. पाषाण झिजतो, गार झिजत नाहीं, म्हणून ती ओढ्यांत व नांगरटींत वर येते. १९७२ च्या दुष्काळांत आमच्याकडे खडी फोडण्याचीं कामें निघालीं तेव्हां ढिगांत अशा गारा चमकत. आम्ही पोरें त्या वेंचीत असूं आणि आजोबा त्यांतली धारदार तेवढी ठेवून बाकीच्या फेंकून देत. गोल, गुळगुळीत गोटा निरुपयोगी. फोडलेल्या गारेची कड सुरीसारखी पाहिजे, हें त्यांचें पहिलें सूत्र.

ठिणगी दगडाची नव्हे, पोलादाची असते, ही गोष्ट अजूनहि पुष्कळांस ठाऊक नाहीं. गारेची कड पोलादाचा अत्यंत बारीक कीस काढते, आणि तो कीस घर्षणानें तापून हवेंत जळतो. इंग्लंडांत रॉबर्ट हूक यानें अशा ठिणग्या कागदावर झेलून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या आणि त्या पोलादाच्या वितळून गोल झालेल्या कणांच्या आहेत असें १६६५ सालच्या आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ ग्रंथांत लिहिलें. म्हणून पोलाद कडक पाहिजे. मऊ लोखंड दबतें, त्याचा कीस निघत नाहीं. हें आम्हांस ग्रंथांत नव्हे तर पदरच्या खर्चानें कळलें. आजोबांच्या चकमकीवर प्रयोग करून ती झिजवावी हें मनास पटेना, म्हणून आम्हीं लोहाराकडून बांधकामाच्या सळईची हुबेहुब नक्कल करवून घेतली. तिनें एकहि ठिणगी दिली नाहीं. मग गांवाबाहेर उतरलेल्या एका म्हाताऱ्या घिसाड्यास ती दाखविली. तो हंसला, आणि म्हणाला, ‘मास्तर, हें पाणी पीत नाहीं.’ म्हणजे या लोखंडास कितीहि तापवून पाण्यांत बुडविलें तरी तें कडक होणारें नाहीं. त्यानें जुन्या मोडक्या कानशीचा तुकडा घेऊन वळविला, लाल करून पाणी पाजलें, आणि पहिल्याच ठोक्यास ठिणग्या पडल्या. हैदराबाद संस्थानांतील कोनसमुद्रमचें पोलाद एके काळीं इराणपर्यंत जात असे. चकमकीस तितक्या उंची मालाची गरज नसते. मोडकी कानस पुरते.

मग तीन दिवस सकाळीं ओसरीवर आमचा प्रयोग चालला. डाव्या हातांत गार, तिच्या कडेवर अंगठ्याखालीं भाजलेल्या चिंधीचा तुकडा, आणि उजव्या हातानें पोलाद वरून खालीं घासत मारावयाचें. पहिल्या दिवशीं बोटांचीं सालें निघालीं, विस्तव निघाला नाहीं. दुसऱ्या दिवशीं पंचवीस-तीस ठोक्यांनीं चिंधीवर मोहरीएवढा लाल ठिपका दिसला. तिसऱ्या दिवशीं सात-आठ ठोके पुरले. साध्या पांढऱ्या कापसावर मात्र शंभर ठोके मारूनहि कांहीं झालें नाहीं. पोलादाच्या ठिणगीची धग अल्प, ती भाजलेल्या चिंधींतच धरते. ठिपका धरल्यावर तो वाळल्या गवताच्या घरट्यांत घालून फुंकला कीं ज्वाला येते. आजोबांस हें सर्व वाऱ्यांत, एका पायावर टेकून, बोलतां बोलतां साधत असे.

चकमकीचा उपयोग चुलीपुरताच राहिला नाहीं. चौसाळ्याच्या पश्चिमेस, फार लांब नव्हे, खर्डें आहे. ११ मार्च १७९५ रोजीं तेथें मराठे व निजाम यांची जी लढाई झाली तींत निजामाकडे फ्रेंच सरदार रेमंड याचीं कवाइती पलटणें होतीं आणि शिंद्यांकडे पेरों याचीं. कवाइती शिपायाच्या बंदुकीस जामगी नसते. घोड्याच्या जबड्यांत गारेचा तुकडा धरलेला असतो व चाप ओढतांच तो पोलादावर आपटतो. म्हणजे प्रत्येक शिपायाच्या हातांत एक चकमकच. जामगीवाल्यास रात्रीं आपली जळती दोरी शत्रूपासून लपवावी लागे, पावसांत ती सांभाळावी लागे. गारवाल्यास ती काळजी नव्हती, परंतु कान्यांतली दारू भिजली तर तोहि खोळंबलाच. इंग्रजांच्या बंदुकींस लागणाऱ्या गारा त्यांच्या देशांत ब्रँडन गांवीं घडवीत. खर्ड्याच्या शेतांत नांगरतांना कोणास चौकोनी घडलेली गार सांपडल्यास ती अश्मयुगीन म्हणून घाईनें ठरवूं नये, एवढी सूचना येथें करून ठेवतों.

आगकाडीचा इतिहास सुपरिचित असल्यामुळें थोडक्यांत सांगतों. इंग्लंडांत स्टॉक्टन गांवच्या जॉन वॉकर यानें १८२६ मध्यें घासून पेटणारी काडी शोधिली व पुढील वर्षीं विकावयास काढली. पुढें आलेल्या पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या कोठेंहि घासल्या तरी पेटत, पण त्या करणाऱ्या कामगारांच्या जबड्याचें हाड कुजे. १९०६ च्या बर्न येथील करारानंतर त्या हळूहळू बंद झाल्या आणि हिंदुस्थानांत १९१३ मध्यें त्यांविरुद्ध कायदा झाला. निर्धोक काडी स्वीडनची. पाश यानें १८४४ मध्यें तिची युक्ति काढली आणि ल्युंडस्ट्रोम बंधूंनीं ती व्यवहारांत आणिली. तींत तांबडा फॉस्फरस काडीवर नसून पेटीच्या बाजूस असतो. स्वीडिश भांडवलाच्याच ‘विमको’ कंपनीनें १९२३ नंतर अंबरनाथास कारखाना घातला. १९३४ मध्यें काड्यांवर अबकारी कर बसला. तेव्हां आमचा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. काडी खेड्यांत आली तरी ती पैसे मोजून आणावयाची वस्तु होती आणि गार ओढ्यांत फुकट पडलेली होती. त्यामुळेंच शेतकरी व धनगर यांच्या कमरेची चकमक पुढेंहि कित्येक वर्षें सुटली नाहीं. आज काडेपेटी दोन रुपयांस मिळते; १ डिसेंबर २०२१ पर्यंत ती एका रुपयास होती.

काडीचा गुण असा कीं ती ज्वाला तयार देते, कापूस-चिंधी लागत नाहीं. दोष असा कीं पेटीची बाजू ओली झाली कीं सगळ्या पन्नास काड्या कोरड्या असूनहि लाकडाच्या काड्याच. लायटर वजनास हलका, एका हातानें पेटणारा. पण त्यांतील ब्यूटेन वायु शून्य अंशाच्या किंचित् खालींच द्रवरूपांत बसून राहतो, म्हणून हिमालयाच्या थंडींत तो रुसतो. आमच्या पठारावर तें भय नाहीं. येथें त्याचें चाक भिजतें किंवा वायु नकळत संपतो, आणि संपला हें कळतें तें नेमकें गरजेच्या वेळीं.

आतां त्या मुलाच्या गळ्यांतील कांडी. ती ऑस्ट्रियाचा रसायनज्ञ आउअर फॉन वेल्सबाख यानें १९०३ मध्यें पेटंट घेतलेल्या सीरियम व लोखंड यांच्या मिश्रधातूची वंशज. लायटरच्या चाकाखालचा बारीक ‘दगड’ तोहि दगड नसून हीच धातु. आमच्या चकमकींत गार कठीण आणि पोलाद झिजतें. या कांडींत पोलादी पट्टी कठीण आणि कांडी झिजते. काम तेंच, भूमिका उलट. ठिणग्या फार तप्त, भिजली तरी पुसून चालते, हजारों वेळां वापरतां येते, आणि साध्या पिंजलेल्या कोरड्या कापसावरहि विस्तव धरतो. हें शेवटलें पाहून आम्हांस चकमकीबद्दल थोडें वाईट वाटलें, हें कबूल करितों.

मुलांनीं निर्णय विचारला तेव्हां आम्हीं सांगितलें कीं, लायटर व कांडी दोन्ही ठेवा, दोहोंचें मिळून वजन पांच-सहा तोळे. पण पैज लावावयाची तर ती कापसावर लावा. अरणीपासून कांडीपर्यंत सर्व साधनांत ठिणगी काढणारा भाग बदलला, ती झेलणारा भाग मात्र तोच राहिला आणि सर्वांचें घोडें अडतें तें तेथेंच. आजोबांनीं पोलाद उघड्या कमरेस लटकविलें असेल, पण कापसाच्या नळीचें बूच त्यांनीं कधीं सैल ठेविलें नाहीं. सकाळीं निघतांना भाजलेल्या चिंधीची एक लहान डबी, झांकणावर मेण लावून, आम्हीं त्यांच्या पिशवींत टाकली. पुढें तुळजापुराहून त्यांचा निरोप आला. येरमाळ्याच्या अलीकडे रात्रीं अवकाळी पाऊस झाला. लायटरचें चाक भिजून निकामी झालें. कांडीनें ठिणग्या भरपूर दिल्या परंतु बरोबरचा कापूस पिळून काढण्यासारखा झाला होता. शेवटीं डबी उघडली आणि चहा झाला. यांत चकमकीचा विजय नाहीं. कोरड्या चिंधीचा आहे.

त्यांपैकीं थोरल्यानें आजोबांची चकमक विकत मागितली होती, व तो देऊं करीत असलेली रक्कम आमच्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाहून फार कमी नव्हती. ती आम्हीं दिली नाहीं, आणि त्याचें कारण सांगणें प्राप्त आहे. घरांत अशा चकमकी दोन होत्या. १९७२ सालीं माळवदावरचें जुनें लोखंड व तांब्यापितळेचीं भांडीं मोडींत घातलीं तेव्हां दुसरी चकमक त्या ढिगांत आम्हींच, बारा-तेरा वर्षांच्या हातांनीं, टाकली. ही वांचली ती जपून ठेविल्यामुळें नव्हे. त्या वेळीं आजोबा खडीच्या कामावर गेले होते आणि ती त्यांच्या कमरेस होती. दुसरीची घडण निराळी होती, तिच्या पाठीवर कांहीं खुणा कोरलेल्या होत्या. त्या काय होत्या हें आजोबांस विचारण्याचें आम्हांस कधीं सुचलें नाहीं.

आजहि बीड, धाराशिव, अहिल्यानगर या भागांतील जुन्या घरांच्या कोनाड्यांतून अशा वस्तु भंगाराच्या गाड्यावर जातात, व तेथें त्यांचा भाव किलोवर ठरतो. संग्राहकांस विनंति कीं, रुमालाबरोबर असा बटवा हातीं आल्यास पोलाद चिंच लावून उजळूं नये, कारण गंजाखालीं ठोकण्याची कड व खुणा शिल्लक असतात. गार निरुपयोगी खडा म्हणून फेंकूं नये. आणि नळींत काळा भुगा दिसल्यास तो झाडून न टाकतां कशाचा आहे तें पाहावें, कारण त्या कापसावरूनच मालक कोणत्या मुलखांत फिरला हें कळण्याचा संभव आहे. यात्रेच्या व मोहिमेच्या सामानाच्या याद्यांत चकमक, गारगोटी, कापूस, बटवा हे शब्द कोणास आढळले असल्यास त्यांनीं त्यांची आगचीं-मागचीं कलमें उतरून या त्रैमासिकाकडे पाठवावीं. आमच्याजवळील चकमकीचें वजन साडेतीन तोळे, लांबी चार बोटें, खुणा नाहींत, गारगोटी पांढरट निळसर, एका बाजूस फोडलेली, नळींत कापूस अद्याप चिमूटभर आहे.